पंढरीशेठांचं वारं

पंढरीशेठांच्या अंगात वारं आलं तेव्हा मी घारापुरीच्या लेण्याबाहेरच्या कट्ट्यावर बसून दाण्याचा दुसरा लाडू फोडत होतो. माझा शिवरात्रीचा उपवास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्यात आतून गलका उठला. पंढरीच्या अंगात वारं आलं, असं ओरडत दोन बाया माझ्यासमोरून पळाल्या. लाडू तसाच तोंडात कोंबला आणि मीही त्यांच्यामागे आत धावलो. देव अंगात आलेला माणूस गावोगावी दिसतो, पण पंढरीशेठांच्या अंगात तो आलेला आजवर कुणी पाहिला नव्हता.

पंढरीशेठ म्हणजे आमचे घरमालक. मी साताऱ्याकडचा, तुर्भ्याच्या बाजारात कांद्याची पोती वाहणारा माथाडी. नाव हौसेराव, आणि हौस म्हणाल तर पोटाची. माझी बायको विजयमाला नेरूळच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात पंढरीशेठांच्या चाळीत आम्ही राहायला आलो ते भाडेकरू म्हणून, पण दोन-चार वर्षांतच शेठांच्या बायकोने, काशीताईंनी, आम्हाला घरातलंच करून टाकलं. सुकट भाजली की पहिली वाटी आमच्याकडे यायची. विजयमाला नाकाला पदर लावायची आणि मी वाटी साफ करायचो.

शेठांचे वडील गावाचे भगत होते. दर शिवरात्रीला गावच्या होड्या घारापुरीला जायच्या, लेण्यातल्या पिंडीपुढे म्हाताऱ्याच्या अंगात वारं यायचं आणि लोक त्याला वर्षभराचे प्रश्न विचारायचे. कुणाचं जाळं हरवलेलं, कुणाच्या पोरीचं लग्न अडलेलं. म्हातारा गेला आणि पिंडीसमोरची ती जागा पंढरीशेठांकडे आली. वारं मात्र आलं नाही. दर शिवरात्रीला शेठ तिथे हात जोडून उभे राहायचे, लोक वाट बघायचे, आणि मग कुणी पोराला तहान लागल्याचं निमित्त करून, कुणी होडी सुटायचं निमित्त करून हळूहळू पांगायचे. शेठांना तोंडावर कुणी काही बोलत नसे. बोलले असते तर शेठ भांडून मोकळे तरी झाले असते. चांगल्या दोन होड्यांचा धनी, गावात शब्दाला मान, पण शिवरात्रीनंतर आठ-पंधरा दिवस हा माणूस मान खाली घालून चालायचा. मला त्यांची फार दया यायची.

त्यात आदल्या दिवाळीत त्यांना मधुमेह निघाला आणि इन्सुलिनची सुई सुरू झाली. ती रोज सकाळी विजयमालाच द्यायची. त्या दिवशीही घारापुरीला निघण्याआधी ती सुई घेऊन त्यांच्या ओट्यावर गेली आणि उपवासाचं काय, असं तिने विचारलं. शेठांनी काशीताईंच्या पिशवीतला डबा उघडून उकडलेली रताळी दाखवली. होडीतच खातो म्हणाले. विजयमालाने तरीही मात्रा निम्मी केली, खाल्ल्याशिवाय बेटावर पाय ठेवायचा नाही असं बजावलं आणि सुई टोचली. मग आम्ही हरेशच्या होडीत बसलो. हरेश हा शेठांचा थोरला मुलगा, होडी चालवणारा.

विजयमालाचा घारापुरीचा तो पहिलाच फेरा. दर शिवरात्रीला तिची ड्यूटी असायची, आणि खरं सांगायचं तर ड्यूटी ती मागून घ्यायची, कारण पाण्याला ती भयंकर भिते. दुष्काळी गावची पोर, पाणी बघितलं ते घागरीतलं. त्या वर्षी मी हट्टच धरला. पण होडी खाडीतून मोकळ्या पाण्यात आली, गार वारा सुटला, समोर बेटाचे डोंगर दिसायला लागले आणि काशीताईंनी गाणं धरलं, तशी ही बाई माझा दंड सोडून चक्क टाळ्या वाजवायला लागली. पाण्यावर फेस दिसला की मला दाखवायची. लग्नाच्या वरातीतसुद्धा मी तिला एवढं खुशीत बघितलं नव्हतं. बेटावर कुणी आजारी पडलं तर काय करतात, असं तिने मध्येच विचारलं, कारण सिस्टर ती सिस्टरच. बेटावर तेव्हा वीज नव्हती, शिवरात्रीच्या गर्दीत डॉक्टर कुठून असणार? काशीताई हसून म्हणाल्या, या वर्षी तू हायेस की. त्या गडबडीत शेठांनी रताळी खाल्ली की नाही, हे आम्ही दोघांनी बघितलं नाही.

तर मी आत धावलो. लेण्यात ही गर्दी, उदबत्त्यांचा धूर, आणि पिंडीपुढे पंढरीशेठ डोलत होते. अंग घामाने निथळत होतं. हात थरथरत होते. डोळे उघडे, पण समोरच्या कुणालाच ते बघत नव्हते. तोंडातून जड जड शब्द येत होते. काशीताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने शेठांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. देवाधर्माची रोज टिंगल करणारा हरेशसुद्धा हात जोडून उभा होता. शेठांचं एकदाचं भलं झालं या आनंदाने मीही हात जोडले.

लोकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. आमच्या आळीतल्या एकाने पोराचं लग्न कधी होईल असं विचारलं. शेठ काही वेळ नुसते डोलले आणि म्हणाले, थंडी. मग पुन्हा म्हणाले, थंडी, थंडी. पुढच्या हिवाळ्यात लग्न, असं चार जणांनी ओरडून सांगितलं आणि तो बिचारा रडायलाच लागला. ही आनंदाची बातमी गावात आधी आपण पोचवायची म्हणून एक होडीभर लोक तर तिथूनच धक्क्याकडे पळाले. आमच्या होड्या लागतात त्या अंगाला पाणी उतरायला लागलं की होड्या चिखलात रुततात, त्यामुळे त्यांना घाईही होती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत विजयमाला आली. मूर्ती बघत ती पलीकडे उभी होती. तिने आधी शेठांकडे बघितलं, मग सरळ पुढे होऊन त्यांच्या मानेवर हात ठेवला. देवाच्या अंगाला असा कुणी हात लावतं का? लोक खवळले. तिने काशीताईंना विचारलं की शेठांनी सकाळपासून काय खाल्लंय.

काशीताईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "काय बी नाय. पान्याचा थेंब नाय घेतला. बापासारका निर्जली धरलाय त्यानी."

माझ्या बायकोचा चेहरा पांढरा पडलेला मी आयुष्यात दोनदा पाहिला आहे, त्यातली ही एक वेळ. रताळ्यांचा डबा नुसता दाखवायला होता. सुई मात्र तिने खरी टोचली होती.

"काशीताई, हे वारं नाही," ती म्हणाली. "त्यांची साखर उतरलीय. आत्ता तोंडात गोड पडलं नाही तर हे पुन्हा उठायचे नाहीत."

काशीताई तिच्या आणि शेठांच्या मधे उभ्या राहिल्या. एरवी तिला पोटच्या पोरीसारखं वागवणारी बाई, पण त्या वेळी तिची नजर मला बघवेना. "हात लावू नको, सिस्टर," त्या म्हणाल्या. "बाप मेल्यापासून वाट बघितली हाय यानी. एकदा तरी येऊ दे."

विजयमालाने वाद घातला नाही. पिंडीच्या अभिषेकाचं सामान खाली ताटात मांडलेलं होतं, दूध, दही, तूप, साखर आणि मधाची बाटली. तिने ती बाटली उचलली. पुजाऱ्याने हां हां म्हणत हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अहो, मागून धरा त्यांना. आता आली का पंचाईत. समोर देव, मागे गाव आणि बाजूला बायको. पण देव कोपला तर कधीतरी कोपणार, आमच्या सिस्टरबाईंशी रोज गाठ आहे, असा विचार करून मी शेठांच्या काखेत हात घातले. पाठ पूर्ण ओली, आणि घाम बर्फासारखा गार. तेव्हा मला कळलं की ती म्हणते तेच खरं.

तिने दोन बोटं मधात बुडवली आणि शेठांच्या गालाच्या आत चोळायला सुरुवात केली. एकदम ओतला असता तर ठसका लागून जीव गेला असता, हे तिने मला नंतर सांगितलं. शेठ कचकन चावले. तिने बोटं काढली नाहीत. पुन्हा मध, पुन्हा गाल. देवाच्या तोंडात उष्टी बोटं घालते म्हणून मागून शिव्या येत होत्या. कुणीतरी माझी बंडी ओढत होतं. मी शेठांना पोत्यासारखं गच्च धरून उभा होतो आणि मनात पिंडीला म्हणत होतो, बाबा, मध तुझाच आहे, थोडा उसना दे.

हळूहळू शेठांचं डोलणं कमी झालं. हाताची थरथर थांबली. त्यांनी ओठ चाटले, माझ्या बायकोकडे ओळख लागल्यासारखं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात पाणी मागितलं. माझा जीव भांड्यात पडला. पण भोवतालच्या लोकांचे जोडलेले हात सुटले. कुणी तहानेचं निमित्त केलं, कुणी होडीचं. काशीताई खांबाला टेकून खाली बसल्या.

आमचं काम मात्र संपलं नव्हतं. सुईचा जोर अजून होता, मध ओसरला की साखर पुन्हा उतरणार, तेव्हा सलाईन लावायला दवाखाना गाठलाच पाहिजे, असं विजयमाला म्हणाली. प्रवाशांना खुर्चीत बसवून पायऱ्या उतरवणारे डोलीवाले तिथे असतात, पण त्या दिवशीच्या गर्दीतून डोली चार माणसांच्या खांद्यावर निघणं शक्य नव्हतं. मी शेठांकडे पाठ केली, खाली वाकलो आणि म्हटलं, द्या इकडं. कांद्याचं पोतं पाठीवर कसं घ्यायचं, वजन कमरेवर कसं ठेवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. पोतं बोलत नाही एवढाच फरक. शेठ सगळ्या पायऱ्यांवर माझ्या कानात म्हणत होते, हौसेराव, सोडा मना, लोक बघतात.

खाली आलो तर हरेश कपाळाला हात लावून उभा. धक्क्याला गर्दी म्हणून त्याने होडी बाजूच्या किनाऱ्याला लावली होती, आणि आता पाणी होडीपर्यंत मागे गेलं होतं. मध्ये सगळा चिखल. पलीकडच्या मोठ्या धक्क्यावरची प्रवाशांची लाँच नुकतीच सुटली होती, पुढची कधी भरेल याचा नेम नव्हता. "सुकती लागली, बाबा. आनखी थांबलो तर होडी पन रुतंल," हरेश म्हणाला.

मग काय, घुसलो. पहिल्या पावलाला घोटा, पुढे गुडघा. हरेश पुढे चालून पाय कुठे टाकायचा ते ओरडून सांगत होता. एकदा माझा पाय असा रुतला की मला वाटलं, आता आम्ही दोघं इथेच लिंगासारखे उभे राहणार. मी मागे बघितलं, तर काशीताईंचा हात धरून आमची सिस्टर चिखलातून येत होती. साडी गुडघ्याच्या वर खोचलेली आणि मधाची बाटली डोक्याच्या वर धरलेली. घागरीपलीकडच्या पाण्याला भिणारी बाई ती! मला इतका जोर आला की मी शेठांना घेऊन उरलेला चिखल कसा तोडला ते आठवतही नाही. होडीच्या कडेला पोचल्यावर हरेशने त्यांना वर ओढून घेतलं आणि आम्ही मागून एकमेकांना ढकलत चढलो. इंजिन सुरू झालं तेव्हा मी मोठ्याने हसत होतो. हरेशही हसत होता.

होडीत शेठांनी रताळी खाल्ली. मध खाल्ला. हळूहळू तोंडावर रंग आला आणि ते उठून बसले. मग त्यांनी काशीताईंना विचारलं की लेण्यात काय झालं, आपल्याला मधलं काहीच आठवत नाही. काशीताईंनी विजयमालाकडे न बघता सांगितलं, "देव आला तुमच्या अंगात. सगल्यांनी बघितला. लोकांनी प्रश्न बी विचारले."

शेठांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगू शकत नाही. पोराला पहिल्यांदा मांडीवर घेतल्यावर बाप असा दिसतो. त्यांनी गळ्यातला हार चाचपला आणि डोळे मिटून घेतले. मी विजयमालाचा पाय दाबला. गप बस, असं मला म्हणायचं होतं. जीव वाचला, आता एवढं सुख राहू दे की त्या माणसाला. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पुढच्या शिवरात्रीला हेच करतील. सुई घेतील आणि उपाशी राहतील, देव यावा म्हणून. तेव्हा मी जवळ नसले तर?" मी तिचा पाय सोडला.

मग तिने शेठांना सगळं सांगितलं. साखर कशी उतरते, तशी उतरली की घाम का येतो, माणूस का डोलतो, बरळतो का. रताळ्यांवर विश्वास ठेवून सुई आपणच दिली, हेही सांगितलं. शेठ डोळे मिटूनच ऐकत होते.

"थोडा बी देव नव्हता, सिस्टर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मला देवाचं कळत नाही, शेठ," ती म्हणाली. "साखरेचं कळतं. ती उतरली होती."

काशीताई नवऱ्याच्या जवळ सरकून बसल्या. गावात यातलं काही सांगू नका, लोकांनी जे बघितलं ते बघितलं, तसंच राहू द्या, असं त्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या. मला ते पटलं. सुईची खबरदारी घरातल्या घरात घेता आली असती आणि मानही राहिला असता. शेठ मागे राहिलेल्या बेटाकडे बघत होते.

दिवाळ्याच्या धक्क्याला पोचलो तर तिथे ढोल वाजत होता. लेण्यातून आधी पळालेल्या त्या होडीने अर्धीच बातमी आणली होती. मधाचं त्यांना काही ठाऊकच नव्हतं. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती, आणि सगळे एकमेकांच्या खांद्यावरून आमच्या होडीकडे बघत होते. शेठांना हरेशने आणि मी धरून उतरवलं. लगेच दोन-तीन जण पायांशी वाकले. काशीताईंनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. गप राहा, एवढाच त्या हाताचा अर्थ होता, आणि गप राहणं किती सोपं होतं. नुसतं उभं राहायचं होतं.

शेठांनी ढोलवाल्याला हाताने थांबवलं.

"पाया पडू नका कोनी," ते म्हणाले. "माझ्या अंगात देव नाय आला. साखर उतरली व्हती. सिस्टर नसती तर मेलो असतो."

मग त्यांनी गळ्यातला हार काढून हरेशकडे दिला. ताटं धरलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोन पोरं हसली, तर त्यांना कुणीतरी दटावलं. विजयमालाने धावत जाऊन रिक्षा आणली आणि शेठांना आत बसवायला लागली.

तेव्हा धाकलीबाय पुढे आली. आळीच्या टोकाला एकटीच राहणारी म्हातारी. तिचा मुलगा दूरच्या बोटीवर कामाला गेला तो परतलाच नव्हता, आणि जिवंत आहे की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. होडीत चढवत नाही म्हणून ती घारापुरीला आली नव्हती. नवं लुगडं नेसून, काठी टेकत ती दुपारपासून धक्क्यावर येऊन बसली होती.

"मंग मी कोनाला विचारू, पंढरी?" ती म्हणाली.

शेठांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. पण ते आत सरकले आणि त्यांनी आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. "बस, काकी," ते म्हणाले. "वाटंत सांग मना. उत्तर नाय देता येनार, पन ऐकीन."

म्हातारी काठीसकट आत बसली. विजयमाला पुढे, रिक्षावाल्याच्या बाजूला अंग चोरून बसली. रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत धाकलीबायचा हात बाहेर दिसत होता. काहीतरी समजावून सांगताना तो सारखा वरखाली होत होता. ताटं घेतलेल्या बायकांनी आता काय करायचं असं काशीताईंना विचारलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं, ताटं देवळात न्यायला सांगितली आणि चिखलाने भरलेल्या पायांनी त्या दवाखान्याच्या दिशेने चालायला लागल्या.